सव्वा हात रितं

उधारीचं पोतं सव्वा हात रितं. शाळेत ही म्हण एका ओळीत उरकतात: उधारीचा माल कमीच भरतो, सबब उधारी करू नये. मुलं ती पाठ करतात, वाक्यात उपयोग करतात आणि पुढच्या म्हणीकडे वळतात. पण जरा थांबून ऐकलं तर एक गोष्ट खटकते. पोतं रितं आहे, हे म्हणतंय कोण? माल घेऊन घरी आलेला माणूस, की माल देऊन वहीत आकडा मांडणारा वाणी? घेणाऱ्याने म्हटली तर ती तक्रार होते: रोखीवाल्याला शिगोशीग, मला मात्र हे असं. देणाऱ्याने म्हटली तर तो व्यवहार होतो: उधार गेलेल्यातलं काही परत येणारच नाही, ते आधीच धरून ठेवायचं. आणि त्या पोत्यातलं धान्य शिजून ज्याच्या ताटात पडतं, अशा तिसऱ्याच माणसाने म्हटली तर? त्याने पोतं पाहिलेलंही नसतं. महिनाअखेरीला आमटी पातळ झाली, एवढंच त्याला कळतं.

सव्वा हात म्हणजे किती, हेही एकदा मोजून पाहावं. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, ढोबळमानाने १८ इंच. सव्वा हात म्हणजे साडेबावीस इंच. क्विंटलभर धान्याचं तागाचं पोतं ४४ इंच लांबीचं असतं. म्हणजे म्हणीतली तूट मूठ-पसाभर नव्हे, निम्मं पोतं रिकामं आहे. आपण ही म्हण कायम वाढवून सांगितलेली गोष्ट म्हणून ऐकतो. पण पहिल्यांदा ज्याने ती उच्चारली, त्याने कदाचित खरोखरच पोत्यात हात घालून पाहिला असेल.

‘द बेअर’ या अमेरिकन मालिकेतही असं एक पोतं आहे. ख्रिस्तोफर स्टोररची ही मालिका जून २०२२मध्ये आली आणि आपल्याकडे ती हॉटस्टारवर पाहिली गेली. न्यूयॉर्कच्या नामांकित रेस्टॉरंटांत तयार झालेला कार्मी नावाचा तरुण शेफ शिकागोला परत येतो. थोरल्या भावाने, मायकीने, आत्महत्या केलेली आहे. मागे उरलं आहे ते घरचं सँडविचचं दुकान, न भरलेल्या बिलांचा ढीग आणि काका जिमीकडून घेतलेलं तीन लाख डॉलरचं कर्ज. पहिल्याच भागात मांस आणायला पैसे नसतात. बाजारातली पत संपलेली असते. तेव्हा कार्मी जपून ठेवलेलं डेनिमचं जुनं जाकीट देतो आणि त्या बदल्यात मांस घेऊन येतो. पुढची भांडणं, भाजणं, कापणं, ‘येस शेफ’चा गजर हे सगळं प्रेक्षकांच्या लक्षात राहिलं. त्या जाकिटाचा प्रसंग मात्र जितका रेंगाळायला हवा होता तितका रेंगाळला नाही. रोज माल लागणाऱ्या धंद्यात उधारी बंद होते म्हणजे काय होतं, हे त्या दोन-चार मिनिटांत सगळं येऊन गेलं आहे.

या मालिकेला जानेवारी २०२४च्या एमी सोहळ्यात सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा मान मिळाला आणि यात हसण्यासारखं काय आहे, यावर तिकडे बरीच चर्चा झाली. ती चर्चा बाजूला ठेवू. प्रश्न हसण्याचा नाही, वाचवण्याचा आहे. पहिल्या पर्वाच्या अखेरीला टोमॅटोच्या डब्यांतून नोटांच्या सुरळ्या निघतात. काकांकडून घेतलेले पैसे मायकीने तिथे दडवले होते. आता दुकान वाचणार, असं वाटतं. मग जे घडतं ते असं: जुनं दुकान बंद होतं, भिंती फोडल्या जातात, त्याच काकांकडून आणखी पाच लाख डॉलर घेतले जातात, १८ महिन्यांत आठही लाख फेडले नाहीत तर जागा काकांची असं ठरतं, आणि तिथे एक महागडं रेस्टॉरंट उभं राहतं. जुनी सँडविचं पुढे एका बाजूच्या खिडकीतून विकली जातात आणि पैसे मिळवते ती ती खिडकीच. मग वाचलं ते काय? दुकान? जागा? घराण्याचं नाव? त्या घरातल्या माणसांची एकमेकांशी असलेली बोलाचाली? मालिका या प्रश्नाभोवती पर्वामागून पर्व फिरत राहते, आणि तिच्या प्रामाणिकपणाची खूण हीच की तिला नेमकं उत्तर सापडलेलं नाही.

घाटकोपर स्टेशनबाहेर उभं राहिलं तर हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. वर्सोव्याहून येणारी मेट्रो ८ जून २०१४ला सुरू झाली आणि घाटकोपर हे एका दिवसात मध्य रेल्वेला पश्चिम उपनगरांशी जोडणारं दार झालं. पुलावरून उतरणारी गर्दी पाहिली तर इथल्या खाण्याच्या धंद्याला मरण नाही, असंच कोणालाही वाटेल. पूर्वेला वल्लभबाग लेनची खाऊ गल्ली, एम. जी. रोडवरची गुजराती फरसाणाची दुकानं, जैन पदार्थांच्या पाट्या. पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या बाजूला उडुपी हॉटेलं, मालवणी खानावळी, वडापावच्या गाड्या. गर्दी आहे, भूक आहे, पैसेही आहेत. तरीही अशा वस्तीतली घरगुती खानावळ वर्षभराने पाहावी तर तिथे मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान असतं. गिऱ्हाईक होतं, मग ती बंद का पडली?

अशा खानावळीत गल्ल्यामागे एक पाटी हमखास असायची: आज रोख, उद्या उधार. सगळ्यांना ठाऊक असलेली, सगळ्यांनी वाचलेली आणि कोणीच न पाळलेली पाटी. कारण तिच्याच खाली, गल्ल्याच्या खणात, लांबट वही असायची. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, पानांचे कोपरे तेलाने पारदर्शक झालेले, दोरीला बांधलेलं बॉलपेन. खात्यावर नाव क्वचितच पूर्ण लिहिलेलं असायचं. ‘गॅरेजवाले’, ‘लिफ्टमन’, ‘रात्रपाळी’, ‘पोस्टातले’, अशा ओळखींवर खाती चालायची. तारखेच्या पुढे दोन वेळच्या दोन उभ्या रेघा. एक वेळ जेवायला आला नाही तर रेघेच्या जागी फुली. ती फुली म्हणजे खाडा. आदल्या दिवशी सांगितलं असेल तर खाड्याचे पैसे वजा व्हायचे, न सांगता गेला तर नाही. महिन्याचे मेंबर आणि येता-जाता जेवणारे, असा सरळ फरक होता. येता-जाता जेवणारा रोख द्यायचा. मेंबर पगार झाल्यावर.

त्या वहीत पैशांखेरीज बरंच काही असायचं. सलग आठ फुल्या पडल्या की खानावळवाला दुसऱ्या मेंबरला विचारायचा, तो तुझ्या खोलीतला कुठे आहे, आजारी आहे का, गावाला गेला का? फुल्यांच्या आधी थकबाकी मोठी असेल तर चौकशीचा सूर वेगळा असायचा, हेही खरं. पण चौकशी व्हायची. आता गल्ल्यावर चौकोनी कोड चिकटवलेला असतो आणि पैसे जमा झाल्याचं एक छोटा स्पीकर मोठ्याने सांगतो. त्या आवाजात थकबाकी नाही, वायदा नाही, लाज नाही. मेंबर आणि येता-जाता जेवणारा, दोघांचे पैसे एकाच सुरात येतात. हे चांगलं झालं की वाईट, यावर लिहिणाऱ्याचं मत सकाळी एक असतं आणि रात्री दुसरं.

खानावळ आणि उधारी यांचं नातं मुंबईत सगळ्यात खोलवर मुरलं ते गिरणगावात. कोकणातून आणि घाटावरून आलेले गडी एका गाळ्यात पाळीपाळीने झोपायचे. बायको-मुलं गावाला. चूल मांडायला जागा नाही आणि वेळही नाही. मग शेजारच्या खोलीतली एखादी बाई, बहुतेक वेळा दुसऱ्या गिरणी कामगाराचीच बायको, पाच-दहा-वीस जणांचं दोन्ही वेळचं रांधायची. तिला लोक खानावळवाली म्हणायचे. तिच्या खोलीला पाटी नव्हती, गल्ला नव्हता. दहा बाय दहाची खोली, एक मोरी, एक स्टोव्ह आणि भाकऱ्यांची चवड. गडी पंगतीने यायचे, कारण सगळे एकदम बसतील एवढी जमीनच नव्हती.

आता तिची उधारी पाहावी. ती वाण्याकडून ज्वारी, तांदूळ, डाळ, तेल, रॉकेल महिन्याच्या बोलीवर आणायची. गड्यांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालायची. गिरणीचा पगार झाला की गडी तिला देणार, ती वाण्याला देणार. मध्ये कोणी आजारी पडलं, कोणाला बदली पाळीत काम मिळालं नाही, कोणी गावाला पळालं, की ती सावकाराकडे जायची, आणि त्याचं व्याज तिला पुढचा पगार होईपर्यंत झोपू द्यायचं नाही. म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंना उधारी होती. वाण्याचं पोतं तिच्याकडे सव्वा हात रितं यायचं आणि तिचं ताट मात्र तिला काठोकाठ भरून द्यावं लागायचं, कारण आठ तास साच्यावर उभ्या राहणाऱ्या गड्याला अर्ध्या भाकरीवर कोण ठेवणार? मधली तूट तिच्या स्वतःच्या ताटातून, तिच्या अंगावरच्या डोरल्यातून भरली जायची. म्हण रचणाऱ्याने या बाईचा विचार केला होता का, हे सांगता येत नाही. म्हणीत दोनच माणसं धरलेली दिसतात.

आणि तरी याच उधारीवर या शहरातले मोठमोठे संप उभे राहिले. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारांवर लिहिताना वस्तीतल्या वाणी-दुकानदारांच्या उधारीकडे वारंवार लक्ष वेधलं आहे. १९२८चा संप सहा महिने चालला. सहा महिने पगार नाही, आणि लाखावर माणसं उपाशी मेली नाहीत. काही गावाला गेली, काहींना संप समितीकडून धान्य मिळालं, आणि उरलेली वाण्याच्या आणि खानावळवालीच्या वहीत लिहिली गेली. संपाच्या इतिहासात नेत्यांची नावं असतात, सभांची मैदानं असतात. त्या वह्या कोणत्या अभिलेखागारात आहेत?

१९७५मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. प्रेमाताई गोवा मुक्तिसंग्रामातून आलेल्या, कम्युनिस्ट चळवळीत आणि गिरणी कामगारांमध्ये काम केलेल्या. त्यांचे पती दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीतले नेते. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ला झालं होतं आणि गरिबाला कर्ज द्यायचं असं धोरण कागदावर तरी होतं. प्रेमाताईंनी ते कागदावरचं धोरण खोलीपर्यंत आणलं. अवघ्या १४ बायकांपासून सुरुवात झाली. एकमेकींच्या भरवशावर बँकेचं कर्ज, सावकारापासून सुटका. सही करायला न येणाऱ्या बाईला बँकेच्या काउंटरवर उभं करणं, हीच मुळात केवढी मोठी गोष्ट होती! पुढे मंडळाच्या सभासद हजारोंनी वाढल्या.

उधारी बुडवते असं म्हणणारी म्हण आणि उधारीनेच तारलेल्या या बायका, यांचं जुळवायचं कसं? एक उत्तर असं की बँकेची उधारी वेगळी, तिचं पोतं पूर्ण भरलेलं असतं. व्याजदर ठरलेला, मोजणी उघड. हे उत्तर बरंचसं पटतं. पण पुरतं पटत नाही, कारण बँकेचा हप्ता ठरलेल्या तारखेला येतो आणि गड्याचा पगार गिरणी चालू असेल तरच. सावकार दाराशी बसून शिव्या देत का होईना, चार महिने थांबायचा. बँक किती थांबते?

हा प्रश्न ज्या घटनेने खरा केला, तिचं मूळ घाटकोपरात आहे. घाटकोपर गिरणगावात मोडत नाही. पण डॉ. दत्ता सामंत घाटकोपरचे. सिंधुदुर्गातल्या देवबागचा हा माणूस पंतनगरात डॉक्टरकी करत होता. आसपासच्या दगडखाणींत काम करणारे मजूर त्यांचे रोगी होते, आणि त्या रोग्यांचं दुखणं औषधाने बरं होण्यासारखं नाही हे उमगल्यावर ते त्यांचे पुढारी झाले. १९८१च्या दिवाळीच्या सुमाराला बोनसचा वाद पेटला तेव्हा स्टँडर्ड मिलचे कामगार प्रभादेवीहून घाटकोपरला त्यांच्या दारात आले: आमचं नेतृत्व करा. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. गिरण्यांतले भोंगे एकेक करून बंद झाले, गडी गावाला गेले, त्यातले कितीतरी परतलेच नाहीत.

खानावळवालीच्या बाजूने त्या संपाकडे पाहिलं की चित्र फिरतं. तिचे मेंबर संपावर आहेत. त्यांना जेवायला घालायचं की नाही? आपल्याच नवऱ्याचा संप आहे, आपल्याच गावचे गडी आहेत, नाही म्हणायचं कसं? फेब्रुवारी गेला, मार्च गेला. खाडे वाढले, कारण गडी लाजून येईनासे झाले. ते गावाला गेले तेव्हा त्यांच्या नावापुढचा आकडा वहीत तसाच राहिला. हा आकडा एकत्र करून पाहिला तर तो त्या संपाला मिळालेल्या सगळ्यात मोठ्या देणग्यांपैकी एक ठरेल, असं लिहिणाऱ्याला मनापासून वाटतं. कोणी पावती फाडली नाही, कोणी आभार मानले नाहीत. कार्मीच्या काकांना निदान जागा तरी तारण मिळाली होती. हिच्याकडे तारण काय होतं? शब्द.

इथपर्यंत आल्यावर या बाईच्या खानावळीला कोणीतरी वाचवायला हवं होतं, असं म्हणावंसं वाटतं. आणि इथेच विचार अडतो. तिला तरी ती खानावळ वाचवायची होती का? पहाटे चारला उठून शंभर भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या मनात एकच गोष्ट असायची, पोरं शिकावीत आणि पोरीच्या हाताला हा तवा लागू नये. शिकागोतलं दुकान बंद पडणं ही शोकांतिका आहे, कारण तिथे बापजाद्यांचा वारसा आहे असं मालिका धरून चालते. आपल्याकडच्या कितीतरी खानावळी चालवल्याच गेल्या त्या एक दिवस बंद करता याव्यात म्हणून. मुलगा बँकेत चिकटला, मुलगी शिक्षिका झाली, स्टोव्ह माळ्यावर गेला. त्या दिवशी त्या घरात काय गमावल्याची भावना होती? आणि चाळीस वर्षांनी, त्याच मुलाच्या मुलीला आजीच्या हातचं कालवण आठवून एखादं छोटंसं हॉटेल काढावंसं वाटतं. तिने ते काढावं की नाही? आजीला विचारलं असतं तर तिने कपाळावर हात मारला असता, की डोळे भरून आले असते?

पडद्यावरच्या मराठीने हा पेच फारसा हाताळलेला नाही. मालिकांत स्वयंपाकघर रोज दिसतं, पण त्यातल्या स्वयंपाकाचे पैसे कोणी मोजत नाही. २०१९च्या ‘अग्गंबाई सासूबाई’त अभिजित राजे हा शेफ होता, पण मालिकेचा जीव आसावरीच्या दुसऱ्या लग्नात होता. सचिन कुंडलकरांचा ‘गुलाबजाम’ २०१८ला आला. त्यात लंडनची बँकेतली नोकरी सोडून आलेला आदित्य पुण्यात राधाकडून मराठी स्वयंपाक शिकतो. तो चित्रपट अन्नाकडे ज्या आदराने पाहतो, तसं क्वचित पाहिलं गेलं असेल. पण त्याचं स्वप्न नवं हॉटेल काढण्याचं आहे. बुडतं हॉटेल, वाण्याची थकबाकी, आचाऱ्याचा उचल मागणारा हात, व्यावसायिक सिलिंडरचा वाढलेला भाव, जेवण घरपोच पोचवणाऱ्या कंपनीने कापून घेतलेला वाटा, यांची गोष्ट अजून कोणी सांगायची राहिली आहे.

लोक मात्र वाचवायला धावतात, फक्त उशिरा. ग्रँट रोड स्टेशनसमोरचा बी. मेरवान हा इराणी कॅफे १९१४चा. शंभराव्या वर्षी, मार्च २०१४मध्ये, तो बंद होणार अशी बातमी आली आणि मावा केकसाठी सकाळपासून रांगा लागल्या. कित्येक वर्षं तिकडे न फिरकलेली माणसं डबे घेऊन उभी होती. मग काही दिवसांनी कॅफे पुन्हा उघडला. त्या रांगेतल्या माणसांचं प्रेम खोटं होतं असं म्हणवत नाही. पण रोजच्या चहा-ब्रुनचे पैसे देऊन वाचवणं आणि शेवटच्या दिवशी रांग लावून वाचवणं, यांत फरक आहेच. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार १९६४पासून चालू होतं. ते मार्च २०१५ला बंद झालं आणि पुन्हा उघडलं नाही. तिथेही शेवटी गर्दी होती.

या शहरातल्या जुन्या खाद्यगृहांना खरं तर एका कायद्यानेही वाचवलं आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि पागडीच्या जागेत हॉटेल चालवणाऱ्याला दोन पिढ्या श्वास घेता आला. मालकाच्या बाजूने पाहिलं तर ही सक्तीची उधारीच: बाजारभावाच्या कितीतरी कमी भाड्यात त्याचं पोतं दरमहा रितं राहिलं. आपण ज्याला जुन्या मुंबईची चव म्हणतो, त्यातला मोठा वाटा कोणीतरी न मिळालेल्या भाड्याने भरला आहे. आज घाटकोपरात इमारतींमागून इमारती पुनर्विकासाला जात आहेत. खालच्या गाळेवाल्याला नवा गाळा मिळतो, पण मधली तीन-चार वर्षं हॉटेल कुठे न्यायचं? तेवढ्यात मेंबर पांगतात, आचारी दुसरीकडे लागतो, आणि नव्या काचेच्या गाळ्याचं भाडं इतकं येतं की पोळी-भाजी विकून तो अडवून ठेवणं मुलाला वेडेपणा वाटतो. त्याला चूक कसं ठरवणार?

सरकारनेही खानावळ चालवून पाहिली. १९९५ची एक रुपयातली झुणका-भाकर केंद्रं अनेकांना आठवत असतील. २६ जानेवारी २०२०ला शिवभोजन थाळी सुरू झाली: दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. शहरात थाळीचा दर ५० रुपये धरला, दहा जेवणाऱ्याचे, चाळीस सरकारचे. टाळेबंदीत पाच रुपये केले. ज्या वेळी हॉटेलं कुलूपबंद होती, त्या वेळी या थाळीने कितीकांना जगवलं. पुढे केंद्रचालकांचं अनुदान महिनोन् महिने थकल्याच्या बातम्या येऊ लागल्या. ही केंद्रं बहुतेक छोट्या माणसांनी, बचत गटातल्या बायकांनी चालवलेली. म्हणजे पुन्हा तीच बाई, पुढे जेवणारा उभा, मागे वाणी उभा, आणि या खेपेला थकबाकी गड्याकडे नाही, शासनाकडे. शासनाच्या दारात जाऊन ‘कधी देता?’ म्हणून बसायचं कसं?

आणि गडी? ते संपले नाहीत. घाटकोपर स्टेशनच्या दोन्ही बाजूंना दुपारी पाठीवर चौकोनी पेट्या घेतलेली पोरं दुचाकीला टेकून उभी असतात. सोलापूर, जालना, जौनपूर, कुठून कुठून आलेली. सहा-आठ जण मिळून एक खोली. दिवसभर दुसऱ्यांचं जेवण पोचवतात आणि स्वतः उभ्याउभ्या वडापाव खातात. यांना खानावळ का नको? काहींनी डबा लावलेला असतो, पण यांची पाळी ठरलेली नसते, आज भायखळा तर उद्या भांडुप, आणि खाडा आदल्या दिवशी सांगायचा तर आदल्या दिवशी यांना स्वतःलाच ठाऊक नसतं. जेवणाच्या उधारीची सोय आता फोनमध्येच आहे: आज खा, पुढच्या महिन्यात द्या. बोट लावलं की मंजूर. ती उधारी देणाऱ्याने या पोराला जेवताना कधी पाहिलेलं नाही, आणि सलग आठ फुल्या पडल्या तर त्याच्या खोलीवर कोणी चौकशीला जाणार नाही. वसुलीचा फोन तेवढा येईल.

त्यापेक्षा खानावळवालीची वही बरी, असं म्हणायला जीभ वळवळते. पण त्या वहीतली प्रत्येक माया एका बाईने बिनव्याजी, बहुधा बिनपगारी दिलेली होती, आणि ती तिने आनंदाने दिली की दुसरा इलाज नव्हता म्हणून, हे तिला त्या वेळी कोणी विचारल्याचं दिसत नाही. फोनमधली कंपनी निदान आपली तूट आपल्या व्याजात धरते, कोणाच्या डोरल्यातून काढत नाही. ती व्याजात धरते म्हणजे त्या पोराकडून काढते. मग त्या पोराचं पोतं रितं होणं बरं, की त्या बाईचं? प्रेमाताईंनी काढलेली वाट, चौदा जणींनी एकमेकींना जामीन राहायची, ती आज या पोरांना उपयोगी पडेल का? त्या चौदाही जणींना एकमेकींचा भरवसा होता. ही पोरं पुढच्या महिन्यात कुठल्या खोलीत असतील, हे त्यांच्या खोलीतल्या जोडीदारालाही सांगता येणार नाही.